डबा रिकामा परत येत नाही



आपल्या वारणा खोऱ्यात साखर कारखाना येण्याआधी गुऱ्हाळं होती. दिवाळीच्या आगेमागे चुलवाण पेटायचं, काहिलीत रस उकळायचा. गुऱ्हाळावर आलेल्याला रस, काकवी नाहीतर गरम गूळ दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, अशी रीत होती. माणूस कुणाचा, कुठला, हे कुणी विचारत नसे.

१९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं इथं सहकारी कारखाना उभा राहिला. १९६८ मध्ये दूध संघ आला. सभासदाच्या घरात सवलतीची साखर आली, दिवाळीच्या तोंडावर दुधाच्या फरकाचे पैसे आले. लाडू-करंज्यांचे डबे भरू लागले. हे आपण अभिमानानं सांगतो.

पण कारखाने वाढले तशी ऊसतोडीला माणसं कमी पडू लागली. १९७२च्या दुष्काळानंतर बीडसारख्या भागातली आणखी कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. राबणारी ती, पण हिशेबात तिचं नाव वेगळं नसतं. मुकादमाची उचल फिटेपर्यंत मुक्काम कोपीत. अनेकींची दिवाळी फडातच उजाडते. आपल्या साखरेचा ऊस तिनं तोडलेला असतो. तिनं बांधलेले वाढे खाऊन आपली म्हैस दूध देते. म्हणजे आपल्या फराळात तिचा हात असतोच. पंगतीत मात्र ती नसते.

गेल्या भाऊबीजेला आम्ही गटातल्या बायका डबे घेऊन कोप्यांवर गेलो. आधी दोन्हीकडं संकोच होता. मग एकीनं पोतं अंथरलं, चहा ठेवला. तिचा भाऊ दुसऱ्या कारखान्यावर तोडीला गेलेला. निघताना तिनं आमचा डबा धुतला आणि त्यात गावाकडून आणलेलं बाजरीचं पीठ भरलं. म्हणाली, "डबा रिकामा कसा देऊ, बाई?"

ही रीत तर आपलीच! आपण द्यायला गेलो होतो आणि घेऊन आलो.

यंदा जाताना फराळाबरोबर दोन गोष्टी न्या. तिचं नाव विचारा. आणि तिच्या लेकरांची शाळा इथं सुरू आहे का, तेही विचारा. नसेल तर गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर जवळच्या शाळेत जावं. गुऱ्हाळं कमी झाली, पण आल्या माणसाला आपलं म्हणायची रीत आपल्या हातात आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा!