शिल्पकाराचा विकास : एका गृहीतकाची तपासणी

आधुनिक शिल्पकलेच्या इतिहासलेखनात ‘विकास’ ही संज्ञा बहुधा एकाच अर्थाने योजली जाते : शिल्पकार वास्तवदर्शनाकडून अमूर्ताकडे जितका सरकला, तितका तो विकसित. हे गृहीतक स्वीकारले की विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांचे स्थान अकादमिक परंपरेच्या शेवटी आपोआप निश्चित होते. मात्र ज्या स्पॅनिश शिल्पकारांचे दाखले या गृहीतकासाठी दिले जातात, त्यांचाच इतिहास त्याला छेद देतो.

हुलिओ गोन्सालेस (१८७६-१९४२) हा बार्सेलोनातील धातुकारागिरांच्या घराण्यातला. लोखंड वितळवून सांधण्याचे तंत्र तो १९१८ मध्ये फ्रान्समधील रेनॉच्या कारखान्यात शिकला. १९२८ पासून पिकासोच्या सहवासात याच कारखानी कसबाची शिल्पभाषा झाली. घनाकार कोरण्याऐवजी अवकाशात रेषा उभी करणे शक्य झाले. तरीही यादवी युद्धाच्या काळात, १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी त्याने घडवली ती ‘मोन्सेरात’ : मूल सावरणारी, हाती विळा घेतलेली शेतकरी स्त्री. त्यानंतर १९३९ मध्ये ‘निवडुंग-मानव’ आला. ही वाटचाल सरळ रेषेत बसत नाही. प्रसंगाने मागितले ते रूप माध्यमाने दिले, एवढेच म्हणता येते.

करमरकरांचे घरही कारागिरीचे. अलिबागजवळील सासवण्यात तेथे गणेशमूर्ती घडत. जिल्हाधिकारी ऑटो रोथफील्ड यांच्यामुळे ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोहोचले, पुढे लंडनलाही गेले. पुण्यातील शिवछत्रपतींचा ब्राँझमधील अश्वारूढ पुतळा १९२८ चा. परंतु स्मारकाच्या मागणीबाहेर, सासवण्यात त्यांनी सिमेंटमध्ये गावची माणसे आणि जनावरे घडवली. संगमरवराची प्रतिष्ठा नसलेल्या, बांधकामाच्या या द्रव्यात साध्या जीवनाला स्थान मिळाले. रूप वास्तवदर्शी राहिले. शिल्पविषय कोण होऊ शकतो, याची कल्पना मात्र बदलली. हा बदल विकास नव्हे काय?

मराठवाड्यातील अभ्यासकाला या प्रश्नाचे मोल अधिक आहे. होट्टल आणि निलंगा येथील मंदिरांवरील शिल्पे, कंधारच्या महाकाय क्षेत्रपालाचे भग्न अवयव यांचे कर्ते बहुतांशी अनाम आहेत. व्यक्तिगत शैलीच्या प्रगतीची कसोटी त्यांना लावताच येत नाही. द्रव्य, कसब, आश्रय आणि प्रयोजन यांच्या परस्परसंबंधातूनच त्यांचा इतिहास लिहावा लागेल. आधुनिक शिल्पकारांनाही तीच कसोटी लावली, तर करमरकर मागे पडलेले दिसणार नाहीत आणि गोन्सालेसची ‘मोन्सेरात’ही अपवाद ठरणार नाही.