मोटारीची उंची कमी करणे

मोटारीची उंची कमी करणे म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी जमिनीच्या अधिक जवळ आणणे होय. त्यासाठी आखूड व कडक स्प्रिंग किंवा अधिक महाग, उंची बदलता येणारे कॉइलओव्हर बसवतात. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर गाडी कमी कलते. सुट्या भागांच्या किमतीत मजुरी व चाकांच्या अलाइनमेंटचा खर्च मिळवावा लागतो. मूळ स्प्रिंग कापणे सर्वांत स्वस्त, पण धोकादायक असते. चाक लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.