चित्रसूत्रांतील हातापायांचें मान

आपल्या प्राचीन चित्रकारांस हातपाय यथाप्रमाण काढतां येत नव्हते, असें म्हणतांना ‘नवताल’ पुरुषाचें उदाहरण देण्यांत येतें. ताल म्हणजे मस्तक, आणि नऊ मस्तकांचा मनुष्य कोणीं पाहिला आहे, असा हा युक्तिवाद. आमच्या मतें हा घोटाळा बेरीज न केल्यामुळें झाला आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्र हा या विषयावरचा मुख्य ग्रंथ. हें पुराण मुंबईस वेंकटेश्वर छापखान्यांत १९१२ सालीं छापलें गेलें. त्यावरून १९२४ सालीं स्टेला क्रामरिश बाईंनीं चित्रविषयक अध्यायांचें इंग्रजी भाषांतर केलें. पुढें १९५८ सालीं प्रियबाला शहा यांनीं बडोद्यास तृतीय खंडाची चिकित्सित आवृत्ति काढली. पाठ जागोजाग भ्रष्ट आहे, तथापि मानाचे अंक आपली साक्ष आपणच देतात.

हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक या पांच पुरुषांपैकीं हंस हा स्वतःच्या अंगुलांनीं १०८ अंगुलें उंच. ताल १२ अंगुलांचा. तळव्यापासून घोट्यापर्यंत ३, पोटरी २४, गुडघा ३, मांडी २४. एथें ५४, म्हणजे नेमकी निम्मी उंची झाली. तेथून नाभि १२, हृदय १२, कंठ १२, मान ४, मुख १२ आणि केसांखालचा माथा २. एकूण १०८. आतां मुख व माथा मिळून मस्तक १४ अंगुलांचें होतें. १०८ ला १४ नीं भागिलें असतां पावणेआठांस किंचित् कमी येतात. जिवंत प्रौढ मनुष्य साडेसात मस्तकांच्या आसपास भरतो. म्हणजे ताल हें मुखाचें माप आहे, मस्तकाचें नव्हे. नवतालाचें भूत एवढ्यानेंच उतरतें!

हातांचेंहि तसेंच. पंजा १२, कोपरापासून मनगटापर्यंत १७, दंड १७ व अर्धी छाती ८ मिळून ५४. दोहों बाजूंचे १०८. हात पसरले असतां रुंदी उंचीइतकी भरावी, हें ग्रंथकारानें सांगितलेंच आहे. पंजा मुखाएवढा, हें तर वाचकांनीं स्वतःच्या हनुवटीवर तळहाताचें मूळ टेकून पाहावें.

एका ठिकाणीं मात्र शास्त्र निसर्गाशीं जुळत नाहीं. दंड हा मनगटापर्यंतच्या भागाहून प्रत्यक्षांत थोडा लांब असतो. एथें दोन्ही सारखे. हें मूळचेंच, कीं लेखकाच्या हातून झालें, हें बेरजेनें ठरत नाहीं, कारण १८ व १६ असे अंक घेतले तरी एकूण तेंच येतें. यास्तव ज्यांच्या संग्रहीं या खंडाची पोथी असेल त्यांनीं पस्तिसाव्या अध्यायांतील बाहूंचे अंक तेवढे उतरून पाठवावे, अशी आमची विनंति आहे.