कीर्तनामागची मुले

हल्ली सुशिक्षित घरांतील मुलाने सुटीत काही खटपट करून हातखर्चापुरते चार पैसे मिळविले, की त्याचे मोठे कौतुक होते. कोणी आकाशकंदील करून विकतो, कोणी शेजाऱ्यांच्या झाडांना पाणी घालतो. कौतुक रास्तच आहे. परंतु ‘पॉकेटमनी’ हा शब्द आपणांस परभाषेतून घ्यावा लागला, यातच आपल्या जुन्या गृहव्यवस्थेचे मर्म आहे. आपल्याकडे ‘खाऊचे पैसे’ होते, व ते वडीलधाऱ्यांनी मुलाच्या हातावर ठेवावयाचे असत. मुलाने स्वतः मिळविलेला पैसा मात्र मुलाचा नसे. तो घराचा असे. याचे एक चांगले उदाहरण चिंचवडास सापडते.

पिंपरी, चिंचवड व चाकण येथील कारखान्यांकडे जाणारे पुष्कळ लोक रोज चापेकर चौकातून जातात. चापेकर म्हटले की २२ जून १८९७ ची रात्र व रँडचा वध एवढेच आठवते. त्या रात्रीच्या पुष्कळ आधी हे बंधू काय करीत होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. दामोदराचा जन्म १८६९ चा. बाळकृष्ण व वासुदेव त्याच्या पाठचे. घर एके काळी सुखवस्तू होते. आजोबा विनायकराव यांनी सरकारी चाकरी न पत्करता नाना व्यापार करून पाहिले, ते फसले, आणि घरास दारिद्र्य आले. वडील हरिपंत यांनी अखेर कीर्तनाचा व्यवसाय धरिला. चांगल्या घरच्या माणसाने वीणा गळ्यात घालून उदरनिर्वाह करावा, हे आप्तांस रुचले नाही.

कीर्तनाचे अर्थशास्त्र आता पुष्कळांस ठाऊक नसेल. नारदीय कीर्तनकार एकटा उभा राहून पूर्वरंग व आख्यान रंगवितो हे खरे. पण पेटी, मृदंग किंवा तबला, झांज आणि मागून पद उचलून धरणारा गळा यांवाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. आरतीच्या तबकात पडतील ते पैसे, यजमान देईल ती बिदागी, एखादा शेला, नारळ, थोडा शिधा, हेच उत्पन्न. चातुर्मासात व उत्सवांच्या दिवसांत ते बरे, एरवी बेताचेच. त्यातून साथीदारांचा वाटा दिला, की बुवांच्या पदरी उरणार काय? हरिपंतांस साथीदार परवडत ना. म्हणून त्यांनी आपल्या मुलांनाच वाद्ये शिकविली व त्यांस बरोबर घेऊन ते गावोगाव हिंडू लागले.

या कमाईचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. मुलाच्या मुठीत नाणे कधी आलेच नाही. जे साथीदारास द्यावे लागले असते व द्यावे लागले नाही, तीच त्याची मिळकत. अशी मिळकत मोजता येत नाही, आणि म्हणून तिचे श्रेयही कोणी मुलास देत नाही. घरोघरच्या मुलींनी भावंडे सांभाळून जे वाचविले, तेही याच खात्यात जमा धरावे लागेल.

दामोदराने तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात या दिवसांविषयी तक्रार नाही. शाळेतील परीक्षा राहिल्या खऱ्या. परंतु प्रवास, राजेरजवाड्यांच्या भेटी व विद्वानांच्या सभा यांनी जे शिक्षण दिले, ते त्याला परीक्षांहून मोलाचे वाटले. हे मत मी मानतो, पण सबंध मानीत नाही. कैदेत बसून बाळपण आठविणाऱ्या मनुष्यास ते गोड दिसणारच. शिवाय वडिलांबरोबर, हरिकथेत, श्रोत्यांच्या आदरात केलेले काम आणि परक्याच्या दारी केलेले काम यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

ते अंतर त्याच काळातील कायद्यांत दिसते. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मोठ्या यंत्रकारखान्यांत मनाई केली, ती केवळ सात वर्षांखालील मुलांस. सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाचे नऊ तास काम घेण्यास मोकळीक होती. म्हणजे दामोदर पेटीशी वा टाळाशी झटत होता, त्या सुमारास त्याच्याहून लहान मुले मुंबईच्या गिरण्यांत उभी होती. वयाची मर्यादा १८९१ साली नऊ, १९२२ साली बारा आणि १९४८ साली चौदा झाली. माझ्या मते या पायऱ्या फारच सावकाश चढल्या गेल्या.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवण्यावर सरसकट बंदी आली. तीतून घरच्या धंद्यात केलेली मदत वगळली आहे. धंदा धोक्याचा नसावा, मदत शाळेची वेळ सोडून अथवा सुटीत करावी, आणि तिने शिक्षणात बाध येऊ नये, अशा अटी आहेत. हरिपंतांचे कीर्तन पहिल्या अटीस सहज उतरले असते. दुसऱ्या दोहोंवर मात्र ते अडले असते. कारण उत्सव शाळेची सुटी पाहून येत नसत, आणि बैलगाडी गावाबाहेर पडली की दामोदराची शाळा मागेच राही.