हुंडीला नाव होते

‘हवाला’ हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत घरचाच होऊन गेला. आपण ग्रंथाचा हवाला देतो, चोराला पोलिसांच्या हवाली करतो. एकाने दुसऱ्याकडे सोपवणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. मी कवी असल्यामुळे अशा सरळ शब्दाची बदनामी मला सलते. ती कशी झाली, हे पाहिले पाहिजे.

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे हाली सिक्का चाले, शेजारच्या नगर जिल्ह्यात इंग्रजांचा रुपया. व्यापाऱ्यांच्या रकमा हुंडीवर फिरत. दर्शनी, मुदती, शाहजोग असे हुंडीचे प्रकार. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच मिळत, मागाहून लबाडी निघाली तर त्याला धरता येई. विश्वासाला नाव होते आणि नावाची नोंद वहीत राही.

दहशतीच्या कामी आलेल्या हवाल्याने विश्वास ठेवला, नाव पुसले. दुबईत एकाने दिरहम घ्यायचे, इकडे दुसऱ्याने रुपये द्यायचे. ओळख म्हणजे एखाद्या नोटेचा नंबर. पैसा सरहद्द ओलांडतच नाही, मग पकडायचा कुठे? शिवाय आखातात राबणाऱ्या मुलांनी आईच्या औषधासाठी धाडलेले पैसेही याच वाटेने येत. एकाच पायवाटेवर दोघांची पावले!

कधी नोंद सापडलीही. मार्च १९९१ मध्ये दिल्लीत अश्फाक हुसेन लोन पकडला गेला. तो हिज्बुल मुजाहिदीनचा असल्याचा आरोप होता. त्याच्या जबाबावरून सीबीआयने जैन बंधूंवर छापे घातले, तेव्हा डायऱ्या मिळाल्या. त्यांत बड्या पुढाऱ्यांची आद्याक्षरे होती. तपास थंडावला. १९९३ मध्ये पत्रकार विनीत नारायण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे तो हलला. पण १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, नुसत्या नोंदींवरून दोष शाबीत होत नाही; जोडीला स्वतंत्र पुरावा हवा. पुढाऱ्यांच्या चर्चेत मूळ प्रश्न, अतिरेक्यांच्या पैशाचा, मागे पडला तो पडलाच.

पुढे मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ मध्ये झाला, २००५ पासून अमलात आला. दहा लाखांवरच्या रोख व्यवहाराची खबर बँका सरकारला देऊ लागल्या. जाळे मोठ्या माशांचे होते. २५ नोव्हेंबर २००८ रोजी इटलीतल्या ब्रेशिया गावातून, कायदेशीर एजन्सीमार्फत, २२९ डॉलर पाठवले गेले. म्हणजे साधारण साडेअकरा हजार रुपये. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांशी इंटरनेटवरून बोलण्याची सोय त्या पैशांतून झाली. इटालियन पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे, ज्याच्या नावे पैसे भरले गेले त्याने इटलीत पाऊलही ठेवले नव्हते. कागद होता, पण नाव उसने होते.

त्या हल्लेखोरांना कराचीतून सूचना देणाऱ्यांत आमच्या गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी होता, असा पोलिसांचा आरोप आहे. २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात त्याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. त्याची शिक्षा त्याने भोगावी; त्याच्या गावाने, आडनावाने नव्हे. आडनावावरून संशय घेणे सोपे आहे, पण त्याने पैशाचा माग लागत नाही. घामाचा पैसा स्वस्तात आणि सन्मानाने बँकेतून घरी पोचू लागला, तर आडवाटेवर उरलेली पावले ओळखता येतील. आणि माग बड्यांच्या उंबऱ्याशी पोचला तरी तपास थांबता कामा नये.