पोटमाळ्यावरची कुऱ्हाड

शनिवार, 27 ऑगस्ट 2005, दुपारी 4
न्यू ऑर्लिन्समध्ये येणारे रस्तेही आता बाहेर जाणाऱ्या गाड्यांना मोकळे केले आहेत. कॅटरीना चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातात घोंघावतंय. संध्याकाळी महापौर रे नेगिन शहर सोडायला सांगतात, पण सक्ती करत नाहीत. मग घरोघरी हिशोब सुरू होतो. गेल्याच सप्टेंबरात आयव्हन येणार म्हणून लोक पळाले, तासन्‌तास रस्त्यात अडकले आणि वादळ भलतीकडेच गेलं. पेट्रोल आणि मोटेलचे पैसे पाण्यात. तेव्हा घरी बसलेले शहाणे ठरले होते.

त्यात महिनाअखेर. पेन्शनीचा, भत्त्याचा चेक पहिल्या तारखेला येणार. शहरातल्या दर शंभरापैकी सुमारे 27 घरांकडे गाडीच नाही. ‘थांबलात कशाला?’ हे नंतर सगळ्यांनी विचारलं. ‘जाणार कशाने?’ हे त्या शनिवारी कुणी विचारल्याचं दिसत नाही.

रविवार, सकाळी 9.30
वादळ पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत पोचलंय. आता सक्तीचा आदेश निघतो. वादळ किनाऱ्याला लागायला 21 तासही उरलेले नाहीत.

सकाळी 10.11
हवामान खात्याचे रॉबर्ट रिक्स इशारा प्रसारित करतात: बराचसा भाग कित्येक आठवडे, कदाचित त्याहून जास्त काळ, राहण्याजोगा उरणार नाही. सरकारी कागदावर अशी भाषा सहसा नसते. काहींना तो इशारा खोटाच वाटला.

दुपार
शहराच्या बस माणसं गोळा करताहेत, पण शहराबाहेर नेत नाहीत. गावातल्याच सुपरडोम स्टेडियमवर सोडतात. दारापुढे लांबच लांब रांग. कुत्र्या-मांजरांना आत प्रवेश नाही, म्हणून कुणी तिथूनच घरी परततं.

संध्याकाळी 5
रस्त्यांची खास व्यवस्था बंद. ज्यांनी उद्या सकाळी बघू म्हटलं होतं, त्यांचा प्रश्न सुटला.

रात्र
खिडक्यांवर प्लायवूड, बाथटबमध्ये भरून ठेवलेलं पाणी. लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीतली म्हातारी माणसं 1965 च्या बेट्सी वादळाच्या आठवणी काढतात. तेव्हा पाण्याच्या भीतीने पोटमाळ्यावर चढलेली माणसं वर छताखालीच कोंडली गेली. म्हणून छत फोडायला पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवायची, ही तिथली रीत. बेट्सीतून वाचलो म्हणून थांबायचं, आणि बेट्सी आठवते म्हणून कुऱ्हाड ठेवायची. एकाच आठवणीतून दोन्ही गोष्टी निघतात.

सोमवार, सकाळी 6.10
वादळ बुरास गावाजवळ किनाऱ्याला लागतं. आता ते तिसऱ्या श्रेणीत आहे, डोळा शहराच्या पूर्वेकडून जाणार. छप्पर टिकलेल्या घरांत लोक सुटकेचा निःश्वास टाकत असतील. वाऱ्याचा हिशोब बरोबर आला होता.

सकाळी 7.45
लोअर नाइन्थ वॉर्डालगतच्या इंडस्ट्रियल कालव्याची पूरभिंत फुटते. पाण्याचा लोंढा जवळची घरं पायासकट उचलून नेतो.

सकाळी 8.14
कालवा फुटल्याचा, तीन ते आठ फूट पाणी येण्याचा इशारा निघतो. तोवर पाणी घरात शिरलेलं आहे.

त्यानंतर
सतराव्या रस्त्यावरच्या कालव्याचीही भिंत कोसळते. पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोचलेलंही नव्हतं. भिंतीची रचनाच कच्ची होती. तिथून शहरालगतचं सरोवर शहरात रिकामं होऊ लागतं आणि शहराचा 80 टक्के भाग बुडतो.

पोटमाळ्यावर अंधार आहे, खालून पाणी चढतंय आणि कुऱ्हाड चाचपडून शोधायची आहे. पुढे लुइझियानातल्या मृतांची मोजदाद झाली, तेव्हा जवळजवळ निम्मे 75 वर्षांचे किंवा त्याहून मोठे निघाले.