टर्कीच्या हाडापासून आपल्या लेकींच्या डोळ्यांपर्यंत

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब बाजूलाच राहिला. गटातल्या एका ताईंच्या लेकीने शहरात जाऊन चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन करून घेतलं होतं. स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि चष्म्यावरून दोन घरांनी नाक मुरडलं होतं. (चष्मेवाला मुलगा मात्र चालतो, हे आम्ही बघत आलोय.) ऑपरेशनला पंधरा दिवस झाले. उजव्या डोळ्याने एस.टी.ची पाटी लांबून लख्ख दिसते, डाव्याने अक्षरं पसरतात. पैसे गटाच्या कर्जाचे. "एक डोळा बिघडला म्हणायचा का गं?" ताई विचारत होत्या, आणि आम्हाला कुणालाच उत्तर येईना.

म्हणून आम्ही विचारपूस केली, वाचलं. तेव्हा या ऑपरेशनचीच गोष्ट हाती लागली.

डोळ्याच्या पुढे काचेसारखा पारदर्शक थर असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे वहीची चार-पाच पानं. त्याचा बाक बदलला की नंबर बदलतो. हे माणसाला फार आधी कळलं होतं, पण बाक बदलायचा कसा? जपानमध्ये सातो नावाच्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात कॉर्नियाला आतल्या बाजूने चिरा द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला दिसायला लागलं, पण आतल्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. काही वर्षांनी त्यातले पुष्कळ डोळे सुजून धुरकट झाले. पुढे १९७०च्या दशकात मॉस्कोत फ्योदोरोव यांनी बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा दिल्या. ही पद्धत जगभर पसरली. अमेरिकेत अशा डोळ्यांची दहा वर्षं नोंद ठेवली, तेव्हा दिसलं की १०० पैकी ४३ डोळ्यांचा नंबर त्या काळात प्लसच्या बाजूला एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. हात कितीही सराईत असला तरी डोळा पुढे आपल्या मनाने वागतो, हे तिथेच कळलं.

आता टर्की. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करत होते. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये तिकडचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला. त्या सणाला टर्की हा मोठा पक्षी रांधतात. दुसऱ्या दिवशी उरलेलं हाड-मांस ते प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यावर एक्सायमर नावाचा लेसर सोडला. साध्या लेसरने कडा करपायच्या. याने मात्र स्वच्छ कापलं, आजूबाजूला भाजल्याची खूण नाही. सणाचं शिळं आपणही वाया घालवत नाही, पण त्यातून एवढं निघेल असं कुणाला वाटलं असतं! हा लेसर एका झटक्यात पाव मायक्रॉनच्या आसपास थर उडवतो, आणि एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन होतात. न्यूयॉर्कचे डोळ्यांचे डॉक्टर ट्रोकेल यांनी १९८३मध्ये श्रीनिवासन यांच्याबरोबर हे कॉर्नियासाठी वापरता येईल असं दाखवलं.

पण माणसाच्या दिसत्या डोळ्यावर पहिल्यांदा करायचं कुणावर? इथे आमची बैठक एकदम शांत झाली होती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये मार्गरीट मॅकडोनाल्ड या डॉक्टर बाई बरीच वर्षं प्राण्यांच्या डोळ्यांवर काम करत होत्या. त्यांच्यापुढे साठीची एक बाई आली. तिच्या डोळ्यापाशी कर्करोग झाला होता, आणि तो डोळा काढावाच लागणार होता. डोळ्याला अजून चांगलं दिसत होतं. ती म्हणाली, काढायच्या आधी माझ्या डोळ्यावर करून बघा. १९८८ साली तिच्यावर ते झालं. डोळा कसा भरून येतो ते डॉक्टरांनी काही दिवस पाहिलं, मग ठरल्याप्रमाणे तो काढला. आज ज्या ऑपरेशनला लोक अर्ध्या दिवसाची गोष्ट म्हणतात, त्याची सुरुवात त्या बाईच्या डोळ्यापासून आहे.

सुरुवातीच्या ऑपरेशनांत लेसरचा गोल लहान असायचा. रात्री बाहुली मोठी झाली की दिव्याभोवती कडं दिसायचं. पुढे गोल मोठा केला, तक्रारी कमी झाल्या. १९९०च्या सुमारास ग्रीसमध्ये पल्लिकारिस यांनी वरचा पापुद्रा उचलून आत लेसर मारायचा आणि पापुद्रा परत बसवायचा, ही लॅसिकची रीत काढली. त्यात दुखणं कमी, दिसणं लवकर. वरवरच्या जुन्या पद्धतीत तीन-चार दिवस चांगलंच झोंबतं.

म्हणजे मशीन दोन्ही डोळ्यांवर मोजूनच काम करतं, पण वरचा थर भरून आणतं ते आपलं शरीर. दोन्ही डोळ्यांचा आधीचा नंबर सारखा नसेल, तर भरून येणंही सारखं नसतं. शिवाय कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात, म्हणून काही महिने डोळे कोरडे पडतात, आणि कोरड्या डोळ्याला सकाळी एक दिसतं, संध्याकाळी दुसरं. नजर स्थिर व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. लहानपणापासून जो डोळा कमजोर, ज्याला आळशी डोळा म्हणतात, त्याला चष्म्याने जेवढं दिसायचं त्याहून जास्त लेसर देत नाही. चाळिशीत जवळचं वाचायला चष्मा लागतोच. हे आधी सांगायला हवं होतं, आणि त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, एवढी आमची तक्रार आहे.

ताईंच्या लेकीला आम्ही तेवढंच म्हटलं: डोळा चोळू नकोस, थेंब वेळेवर घाल, चुलीच्या धुरापुढे आणि मळणीच्या धुळीत बसू नकोस. दुखणं वाढलं, लाली आली, किंवा एकाएकी अंधारलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

तिसऱ्या महिन्यात तिची तपासणी झाली. डाव्या डोळ्यात पाव नंबर राहिलाय, चष्म्याची गरज नाही म्हणाले. कर्जाचे अजून सात हप्ते आहेत. आणि परवा आलेल्या स्थळाला तिने स्वतःच नकार दिला.